साखरेचं ऑपरेशन

मधुमेहाची गोळी बंद करायला मी सांगितलं आणि पुन्हा सुरू करायला सांगायचं विसरलो.

अर्जुनी मोरगावात तेव्हा माझा दहा खाटांचा दवाखाना होता. आसपास दुसरा सर्जन नसल्यामुळे मी तालुक्यातला सर्वोत्तम सर्जन होतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर धानाची शेती असलेले एक पाटील हर्नियासाठी आले. "ऑपरेशनच्या सकाळपासून साखरेची गोळी बंद," मी दरडावलं. उपाशीपोटी गोळी घेऊन टेबलावर घामाघूम झालेला पेशंट मी एकदा पाहिला होता. पाटलांनी मान डोलावली. दवाखान्यात होते तोवर आम्ही त्यांची साखर इन्सुलिनवर सांभाळली. घरी सोडताना मी चिठ्ठीवर पाच औषधं लिहून खाली झोकदार सही ठोकली. सहावं औषध, म्हणजे त्यांचीच जुनी गोळी, राहून गेलं.

टाके काढायला आले तेव्हा जखम सुरेख दिसत होती. मी माझ्या कारागिरीकडेच बघत राहिलो. रक्त तपासायचं सुचलं नाही.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरू लागली आणि माझ्याकडे गर्दी वाढली. जत्रेत, नाटकाच्या मांडवात म्हणे माझंच नाव निघत होतं. हाताला यश आलं, असं मी बायकोला दोनदा ऐकवलं. मग एक निवृत्त गुरुजी आले. तपासलं तर ना हर्निया, ना दुसरं काही.

"कशाचं ऑपरेशन करायचं, गुरुजी?"

"साखरेचं. पाटलाचं केलं ना जी तुमी? तवापासून गोळी नाही, पथ्य नाही. परवा मंडईत माह्यासमोर पावभर जिलेबी खाल्ली त्यायनं."

गुरुजींना तिथेच बसवून मी मोटरसायकल काढली.

पाटील अंगणात खाटेवर बसले होते. टाक्यांच्या जागी लाली, कडेला पू. साखर इतकी की माझ्या यंत्राने आकडा द्यायचंच नाकारलं. हर्नियासाठी आत बसवलेल्या जाळीपर्यंत पू पोचला असता, तर सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं. त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात आणलं. इन्सुलिन चालू केलं आणि रोजचं ड्रेसिंग सिस्टरवर न सोपवता स्वतः केलं. पाटील मात्र निवांत. "आता आलीच हाय साखर, तं पुन्हा काढून टाका जी," म्हणाले.

जाळी वाचली. जखम भरायला महिना लागला. घरी सोडताना गोळीचं नाव चिठ्ठीत सगळ्यात वर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण अब्रू राखायची होती. पिशवी भरत असलेल्या पाटलीणबाईंना म्हणालो, "बाई, तुम्हीही एकदा विचारायचं ना, गोळी कधी सुरू करायची ते?"

त्यांनी पिशवीची गाठ मारली.

"आमच्या कालव्यावरचा गेटवाला बी पानी बंद करते, तं कवा सोडन ते सांगून जाते जी. अन् तो चौथी नापास हाय."