सीगेकेरेचं बेट

मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात वसुमतीनं चौतीस वर्षं वाळवलेल्या वनस्पती सांभाळल्या. पानं, फुलं, शेंगा वर्तमानपत्रात दाबून ठेवायच्या, वाळल्या की जाड कागदावर चिकटवायच्या, खाली नाव, गाव, तारीख लिहायची. प्राध्यापक आले नि गेले, कपाटं तिच्याच हाताखाली राहिली. डांबरगोळ्यांचा वास तिच्या साड्यांना कायमचा लागलेला. घराणं तीन-साडेतीन शतकांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि तिच्या जिभेवर दोन्हींची सरमिसळ. 'स्वल्प थांब' म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरात नवरा गेला. मल्लेश्वरमचं घर दिरांनी मिळून बिल्डरला दिलं, आणि ती श्रीवत्सकडे, म्हणजे मुलाकडे, सर्जापूर रोडला राहायला आली. नववा मजला. मुलगा आणि सून सकाळी आठला बाहेर पडत ते अंधार पडल्यावर परतत. वसुमतीला करमेना. स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून खाली एक तळं दिसे, त्याच्याकडे बघत ती कॉफी प्यायची. तळ्याचं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, "सीगेकेरे."

एके दिवशी ती खाली उतरली आणि कुंपणाच्या फटीतून बांधावर गेली. कचऱ्याचे ढीग, बाटल्या, कोपऱ्यात फेस. पण मधोमध एक बेट होतं, त्यावर चाळीसेक बाभळी, आणि बाभळी पांढऱ्या झालेल्या. ती पाखरं होती. चित्रबलाक, पाणकावळे, रातबगळे, सगळ्यांची घरटी एकावर एक. पिल्लांच्या कलकलाटानं काही ऐकू येत नव्हतं. वसुमती दोन तास तिथेच उभी राहिली. आयुष्यभर मेलेल्या पानांना नावं देणाऱ्या बाईला इतकं जिवंत काही एका जागी बघायची सवय नव्हती.

त्याच बांधावर तिला सिद्धी भेटली. पुण्याची मुलगी, आयटीत नोकरीला. दर रविवारी सात-आठ मित्रांना घेऊन कचरा उचलायला यायची. "काकू, तुम्हाला यातलं कळतं! मग तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये हव्यातच," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. काकूची अक्का व्हायला महिना लागला नाही.

पुढली पाच वर्षं वसुमतीच्या आयुष्यातली सगळ्यांत भरलेली वर्षं होती. रविवारी श्रमदान, महिन्यातून एकदा मुलांना पाखरं दाखवायची फेरी, पावसाळ्यात रोपं लावणं. काठाला वाळा आणि लव्हाळा लावायची कल्पना तिची. दुर्बीण श्रीवत्सनं आणून दिली. डिसेंबर ते मे ती रोज सकाळी बांधावरून घरटी मोजायची आणि जुन्या सवयीनं तारखेसकट वहीत लिहायची. पहिल्या साली चित्रबलाकांची एकसष्ट घरटी होती, पाचव्या साली एकशे आठ.

तळ्यात मासेमारीचा ठेका आप्पाजीकडे होता. मूळ गावातला माणूस, वसुमतीच्याच वयाचा, टोपलीसारख्या गोल होडीतून जाळी टाकायचा. दोघं कन्नडातच बोलत. कुठलं पाखरू कधी आलं हे तो न बघता सांगायचा, आणि ती वही उघडून त्याची तारीख पडताळून पाहायची. तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

दुखणं एकच होतं. आजूबाजूच्या इमारतींचं सांडपाणी तळ्यात येत होतं आणि दर उन्हाळ्यात मासे मरून वर यायचे. सिद्धीचं म्हणणं पडलं, की आपण किती बाटल्या उचलणार? तळ्याचं पुनरुज्जीवन सरकारनंच करायला हवं, त्यासाठी अर्ज हवा, सह्या हव्यात. वसुमतीला ते पटलं. इतर लोक लॅपटॉपवरून सह्या मागत होते; ती जिने चढून दारोदार गेली. गुडघे दुखायचे, तरी गेली. अकराशेच्या वर सह्या एकटीनं आणल्या. आप्पाजीच्या घरीही गेली. त्यानं कागद बराच वेळ निरखला.

"पाणी स्वच्छ होईल ना, अक्का?"

"होईल."

"मग आण पेन."

२०२१च्या शेवटी मंजुरी आली. ग्रुपनं बांधावर पेढे वाटले. आराखड्याच्या मोठ्या कागदावर चालायचा मार्ग होता, बाकं होती, दगडी काठ होता, आणि मधोमध हिरव्या रंगात बेट होतं. वसुमतीनं त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून अभियंत्याला दोनदा विचारलं. "बेट राहणार, मॅडम," तो म्हणाला. दोन्ही वेळा.

जानेवारीत एका सोमवारी सकाळी तिला बाल्कनीत वेगळाच आवाज आला. ती खाली गेली. सांडव्यापाशी पोकलेननं बांध फोडला होता आणि तळं गर्जत नाल्यात चाललं होतं. बेटावर त्या दिवशी चौऱ्याण्णव घरटी होती. बहुतेकांत अंडी, काहींत नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं. तिनं तिथूनच सिद्धीला फोन लावला.

"अक्का, हे प्लॅनमध्येच होतं. पाणी काढल्याशिवाय गाळ कसा काढणार?"

"त्यात महिना लिहिलेला होता?"

"महिना नव्हता. आपण विचारलाच नाही, अक्का."

वसुमती खाली बांधावरच बसली. सह्यांच्या कागदावर वर छापलेला मजकूर तिला तोंडपाठ होता. 'तातडीने काम सुरू करावे.' तो शब्द, तातडीने, तिनंच घालायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी अभियंत्याला भेटायला गेल्या. त्यानं आदरानं बसवलं, कॉफी मागवली. वसुमतीनं वही उघडून पाच वर्षांच्या तारखा दाखवल्या. मेअखेर सगळी पिल्लं उडतात, जूनमध्ये काम करा, इतकंच मागितलं.

"मॅडम, तुमचंच पत्र आहे माझ्या फाइलमध्ये. मार्चअखेर काम दिसलं नाही तर मंजुरी परत जाते, मग दहा वर्षं विसरा. बेटाला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द."

शब्द त्यानं पाळला. बेटाला कुणी हात लावला नाही. तशी गरजच पडली नाही. पाणी गेलं तसे मासे गेले. पाखरं दूर कुठेतरी जाऊन रिकाम्या चोचीनं परत येऊ लागली. भुकेली पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन ओरडत आणि खाली पडत. तिसऱ्या आठवड्यात गाळावर पापुद्रा धरला, आणि त्यावरून चालत कुत्री बेटावर पोचली. इतकी वर्षं त्या पाखरांची राखण पाण्यानं केली होती, हे वसुमतीला तेव्हा कळलं. तिच्या वहीत पाण्याची नोंद कुठेच नव्हती.

रविवारी ग्रुप आला. तीस-पस्तीस जण, सारख्या टी-शर्टांत, हातात काठ्या. त्यांनी बेटाभोवती कडं केलं. कुत्री लांब जाऊन बसली. कुणीतरी घरून इडल्या आणल्या होत्या. पडलेली पिल्लं खोक्यांत भरून शहरातल्या एका पक्षी-उपचार केंद्राकडे पाठवली. सिद्धी रडत होती आणि फोनवर मदतीसाठी लोकांना गोळाही करत होती. संध्याकाळी सगळे चिखलानं माखून घरी गेले.

सोमवारी सगळ्यांना ऑफिस होतं.

सोमवारी बेटावर वसुमती होती, हातात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, आणि बांधावरून तिला बघून खाली आलेला आप्पाजी. त्याची होडीही गाळात पालथी पडली होती. दोघांनी दुपारपर्यंत कुत्री हाकलली. एका बाजूनं हाकलावीत तर दुसऱ्या बाजूनं येत. कुत्र्यांचं तरी काय चुकत होतं. समोर अन्न पडत होतं. उन्हात वसुमतीला भोवळ आली तेव्हा आप्पाजीनं तिला बाभळीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग तो बोलला. आवाजात राग नव्हता.

"तूच सही मागायला आली होतीस, अक्का."

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंस."

वर पिल्लांचा आवाज पहिल्यापेक्षा कमी झाला होता.

ती अठरा दिवस रोज जात राहिली. एकोणिसाव्या दिवशी गाळात पाय रुतून गुडघा मुरगळला, आणि श्रीवत्सनं ऑफिसातून रजा घेऊन तिला डॉक्टरकडे नेलं. "अम्मा, हे तुझं एकटीचं काम आहे का?" तो परत येताना गाडीत म्हणाला. तो चिडून म्हणत नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. मग ती बाल्कनीतून दुर्बीण लावून बघत बसली. केंद्राकडे पाठवलेल्या तेवीस पिल्लांपैकी तीन जगली. मार्चच्या मध्याला मोठी पाखरं एक-एक करून निघून गेली. बाभळी पुन्हा काळ्या दिसू लागल्या.

पुढच्या फेब्रुवारीत तळ्याचं उद्घाटन झालं. खरोखर देखणं झालं होतं. गोल फिरायचा मार्ग, दिवे, बाकं, मुलांची घसरगुंडी. वाळा आणि लव्हाळा लावला होता त्या जागी आता दगडी अस्तर होतं. व्यासपीठावर वसुमतीला शाल घातली, म्हैसूरची पगडी घातली, आणि सूत्रसंचालकानं सांगितलं की एका सामान्य गृहिणीच्या जिद्दीनं हे तळं वाचलं. ती गृहिणी नव्हती, हेदेखील तिनं दुरुस्त केलं नाही. टाळ्या वाजल्या. आप्पाजी आला नव्हता. ठेका बंद झाला होता आणि तो कुठल्याशा इमारतीत रखवालीला लागला होता.

दोन पावसाळ्यांत सांडपाणी पुन्हा तळ्यात यायला लागलं. वळवलेली वाहिनी तुंबली होती आणि ती कुणाच्या अखत्यारीत येते यावर दोन खात्यांचं एकमत होत नव्हतं. ग्रुप मात्र वाढतच गेला. आता रविवारी दीडशे लोक येत, कंपन्यांच्या बस भरून येत. सिद्धीची बदली हैदराबादला झाली. जाताना ती वसुमतीच्या गळ्यात पडली. "अक्का, पाखरं येतील परत. वेळ लागेल." डिसेंबर आला, वसुमतीनं दुर्बीण लावली. बेटावर घारी बसल्या होत्या. पुढल्या डिसेंबरलाही घारीच.

त्या दोन डिसेंबरांच्या मधल्या मार्चमध्ये अभिमन्यू नावाचा तरुण तिला शोधत घरी आला. देवनहळ्ळीला त्याच्या वडिलांची शेती होती. आजूबाजूच्या शेतांचे प्लॉट पडत होते, आणि गावचं तळं वाचवायला त्यानं मित्रमंडळी जमवली होती. सीगेकेरेचे आधीचे आणि नंतरचे फोटो त्यानं फोनमध्ये ठेवले होते.

"अक्का, आम्हाला असंच करायचंय."

वसुमतीनं त्याला सगळं सांगितलं. बेट, महिना, कुत्री, काहीही न लपवता. त्यानं मनापासून ऐकलं, त्याचे डोळेही भरले. शेवटी म्हणाला, "म्हणून तर तुम्ही हव्यात. आमच्याकडे चूक होऊ देऊ नका."

ती गेली. तीन बस बदलून देवनहळ्ळीला पोचली. तळ्याच्या एका टोकाला पाण्यात उभ्या चिंचेवर आणि करंजावर चित्रबलाक बसले होते. तिनं बांधावरूनच मोजले. त्यांतला एखादा सीगेकेरेचा असेल का, असा विचार मनात आला आणि तिनं तो तिथेच थांबवला. अर्ज तिनं स्वतः लिहिला, कन्नडात. डिसेंबर ते मे काम करू नये, हे वाक्य तीन ठिकाणी घातलं आणि खाली रेघ मारली. अर्जाला पोच मिळाली, शिक्का मिळाला. अभिमन्यूनं तो कागद लॅमिनेट करून ठेवला. पावसाळ्यानंतर मंजुरी आली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता.

"अक्का, काम सुरू झालं! आज सकाळी मशीन आली."

वसुमती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"घरटी किती आहेत?"

"अं? ते बघितलं नाही अजून. साहेब म्हणाले, आता थांबवलं तर मंजुरी परत जाईल. अर्ज दाखवला मी त्यांना. म्हणाले, बघू."

"पाणी सोडलं?"

"थोडं थोडं सोडतायत."

तिनं त्याला सांगितलं, कुत्र्यांवर नजर ठेव, माणसं लाव, आणि रविवारची नको, सोमवार ते शनिवारची लाव. "सरी अक्का," तो होकार देत म्हणाला. मग म्हणाला, "वीकडेला अवघड आहे, सगळ्यांना ऑफिस असतं. तुम्ही उद्या याल का?"

"गुडघा दुखतोय रे," वसुमती म्हणाली.

गुडघा दुखत होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिला जाता आलं असतं. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही, त्यानंतरही गेली नाही. अभिमन्यूचे फोन चार दिवस येत राहिले. पहिल्या दोन दिवशी तिनं घेतले.