म्युझियममध्ये दळलेली हळद

नातीच्या लग्नाची हळद दळायला मी बुलढाण्याच्या म्युझियममध्ये जाऊन आले. हसू नका. आमचं जातंच तिथं आहे. घरात फरशी बसवली तेव्हा लेकाने ते धूड उचलून म्युझियमवाल्यांना देऊन टाकलं. मीही हो म्हटलं, मिक्सर होताच ना.

पूजाचं लग्न ठरलं आणि मोठ्या जाऊबाईंनी सांगून टाकलं, "आपल्या पोरीले आपल्याच जात्यावरची हळद लागते. इकतची आणाल तर मी मांडवात पाय ठेवणार नाही." ही बाई बोलते तसं करते, आणि ती रुसली की अर्धी भावकी रुसते. म्हणून निघावं लागलं.

निघताना आमचा म्हातारा म्हणतो, "दगड पाहायले तिकीट काढून चालली का?"

"फुकटचा तर रोजच पाहून राह्यली," म्हटलं, आणि सुनेला घेऊन देऊळगाव राजाचा स्टँड गाठला.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची थेट गाडी धरा, नाहीतर चिखलीला बदलावी लागते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जागेसाठी कोपराला कोपर लागतं. बुलढाण्यात उतरलं की हवा गार लागते, पदर घ्या. स्टँडबाहेर आलूबोंडा गरम मिळतो, तळलेली मिरची मात्र मागावी लागते. आणि म्युझियमला आधी फोन करा. सुट्टी असली तर कुलूप पाहून परत याल.

म्युझियम लहानच आहे, एका संस्थेचं. ओसरीवर दोन जाती मांडलेली. शाळेची पोरं येतात, फिरवून पाहतात. आमचं मी लगेच ओळखलं. जात्याच्या दोन दगडी तळ्या असतात, त्यातल्या खालच्या तळीचा टवका उडालेला आहे. सुनेनेच नवी नवरी असताना तिच्यावर मुसळ पाडलं होतं.

"आत्याबाई, ते अजून काढताच का?" सून म्हणाली.

मी बसणार तर शिपाई म्हणतो, आधी ग्रंथालयात विचारा. म्युझियममध्ये ग्रंथालय! "मले हळद दळायची हाय बाबा, पुस्तक कायले वाचू?" पण गेले. आत कपाटं, कॉम्प्युटर आणि चष्मा लावलेली एक ग्रंथपाल बाई. मी विचारलं, इथं तुमचं काय काम?

"आजी, वस्तू बाहेर असते, तिची हकीकत माझ्याकडे असते. कोणाच्या घरची, कशाला वापरायचे, फोटो, सगळं."

"म्हंजे दगडाले आधार कार्ड काढून देता."

"तसंच समजा," ती हसली. दळा म्हणाली.

आम्ही सासू-सुना बसलो. सून म्हणाली, "जड लागून राह्यलं."

"तुया हाताले मोबाईलची सवय," मी म्हटलं. खरं तर मलाही जड लागत होतं, पण मी कशाला बोलू? दळण बारीक उतरलं. डबा भरला.

ग्रंथपाल बाईने आमचा फोटो काढला आणि जात्याच्या जुन्या फोटोंत ठेवायला आत गेली. बाहेर आली ती तोंड पाडून. "आजी, गडबड झाली. धुताना दोन्ही जात्यांच्या वरच्या तळ्यांची अदलाबदल झाली."

मी म्हटलं, "चाळीस वर्सं दळलं म्या याच्यावर, मले सांगते?" तिने फोटो दाखवला. आमच्या वरच्या तळीला खुंट्यासाठी दोन भोकं, एक जुनं झिजलेलं. ही एकाच भोकाची. पहिलं झिजलं म्हणून दुसरं भोक मीच पाडून घेतलं होतं. आणि तेच विसरले! खालची तळी आमची, वरची दुसऱ्याची, आणि हळद डब्यात. ही आता आमची का त्यांची? सांडावी का न्यावी?

"कोणाची हाय ती?"

"आधी त्यांना विचारते, मग सांगते," ती म्हणाली आणि फोन लावला. बोलून झाल्यावर तो माझ्या हातात दिला. पलीकडे चिखलीकडची एक मुसलमान म्हातारी. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हल्दी बारीक आयी क्या?"

"हाव, बारीक आली."

"फिर कायका टेन्शन लेती? लगाव बच्ची को."

परतीच्या गाडीत सून म्हणाली, "घरी बोलू नका." मी डबा मांडीवर घेऊन बसले.

हळदीच्या दिवशी जाऊबाईंनी बोटं वाटीत बुडवली आणि विचारलं, "आपल्याच जात्यावरची ना?"

खोटं बोलता आलं असतं. "खालून आपल्या, वरून चिखलीच्या मुसलमानाच्या," मी म्हटलं.

जाऊबाईंचा हात हवेतच थांबला. ओल्या पाटावर बसलेली पूजा म्हणाली, "मोठी आजी, लवकर लावा ना वो, थंडी वाजून राह्यली."

जाऊबाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि लावली. लग्न होईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जेवल्या पोटभर.

पूजा सासरी गेली. काल ग्रंथपाल बाईचा मेसेज आला: तळ्या पुन्हा जागच्या जागी लावू का? नियमाने लावायलाच हव्यात, पण तुम्ही त्यावर लग्नाची हळद दळली, म्हणून विचारते.

अजून उत्तर दिलं नाही. बदलल्या तर जातं पुन्हा आमचं होईल. पण पूजाची हळद ज्यावर दळली, ते जातं मग कुठंच राहणार नाही. काय सांगावं तिला, काही उमजून नाही राह्यलं.