खुर्चीतला व्यायाम

माझ्या धाकट्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, व्यायामाबद्दल जेवढं कळत होतं तेवढं अख्ख्या मुलुंडात कुणाला कळत नसेल, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी जेवढा कमी व्यायाम केला होता तेवढा कमी केलेला माणूसही मुलुंडात शोधून सापडला नसता. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कुठलीही गोष्ट करण्याआधी ती पुरती समजून घ्यायची हा त्यांचा स्वभाव होता, आणि ती पुरती समजली की करण्यातला त्यांचा रस संपायचा. पोहण्यावरचं एक पुस्तक त्यांनी वाचनालयातून आणून दोनदा वाचलं होतं. आम्ही मनोरीला सहलीला गेलो तेव्हा किनाऱ्यावर छत्री उघडून बसल्या बसल्या त्यांनी पाण्यातल्या प्रत्येकाचा हात कुठे चुकतोय ते ओरडून सांगितलं. बरोबर सांगितलं, हे मला कबूल केलं पाहिजे. स्वतः मात्र ते घोट्यापर्यंतही भिजले नाहीत. आत्याने शिवणयंत्र घेतलं तेव्हा त्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक आठ दिवस काकांकडे होतं आणि तोवर आत्याला यंत्राला हात लावायची मुभा नव्हती. काका मूळचे कुडाळचे. एरवी मुंबईकरासारखं बोलत, पण कुणी घाई केली की मालवणीत शिरत. "आधी समजून घे गो," ते म्हणाले, "यंत्र काय खंय पळान जाता?"

मला मुंबईत पहिली नोकरी लागली तेव्हा मी चिपळूणहून येऊन दोन वर्षं त्यांच्याकडे राहिलो. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि काकांचं वजन शंभराच्या आसपास. काकांचं जिना चढणं हा एक कार्यक्रम असे. पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून एक विश्रांती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्यासाठी दाराबाहेर एक स्टूलच ठेवलं होतं. त्यावर बसून ते वहिनींच्या घरचं सांजवर्तमानपत्र वाचत, पाणी पीत, राजकारणावर दोन शब्द बोलत आणि मग उरलेला मजला घेत. आत्या खिडकीतून पाहायची. "हे गेटात दिसले की मी कुकर लावते," ती सांगायची, "दारात येईपर्यंत भात होतो."

एका संध्याकाळी भात झाला, कुकर गार झाला, तरी काका आले नाहीत. वहिनी धावत वर आल्या. काका स्टुलावरच बसले होते, शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. दहा-बारा दिवस ते इस्पितळात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी आत्याला आणि मला बाजूला घेऊन सरळच सांगितलं. "या वेळी निभावलं. आता जिना बंद. घरातल्या घरात हलका व्यायाम करायचा, वजन उतरवायचं. तीन महिन्यांनी बघू. उतरलं नाही तर तळमजल्यावर जागा शोधा."

तर काकांना पुन्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं आणि ते आजारपणाच्या रजेवर घरात बसले. बाहेर चालायला जायचं तर जिना उतरायला हवा आणि जिना उतरायचा तर आधी वजन उतरायला हवं. तळमजल्यावरची जागा परवडेल अशी एजंटने दाखवली ती थेट बदलापूरला. आत्या मुलुंडच्या याच घरात लग्न होऊन आली होती, खालचा भाजीवाला तिला वजनकाट्याशिवाय भाजी द्यायचा. एजंट गेल्यावर ती पिशवी घेऊन खाली गेली आणि घरात भाजी असताना भाजी घेऊन आली.

याच सुमारास काकांच्या मस्कतच्या धाकट्या भावाने व्हिडिओचं मशीन पाठवलं आणि त्याबरोबर मुद्दाम एक व्यायामाची कॅसेट. त्या काळी व्हिडिओ म्हणजे भाड्याने आणून शनिवार-रविवारी सिनेमे बघायची वस्तू. घरचा व्हिडिओ आमच्या इमारतीत पहिलाच. कॅसेटमध्ये सोनेरी केसांची, कपाळाला पट्टी बांधलेली एक परदेशी बाई होती आणि तिच्या मागे तिच्यासारख्याच सहा जणी. बाई हसत हसत उड्या मारायची. "एवढा घाम गाळत्ये तर पायात लोकरीचे मोजे कशाला घातलेत हिने?" एवढंच आत्याने विचारलं. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी कॅसेट डोळ्यांखालून घातली आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं, तीही सावकाश, इतकी परवानगी दिली.

काकांनी ती पंधरा मिनिटं पहिल्या दिवशी चार वेळा पाहिली. आरामखुर्चीत बसून, मांडीवर वही, हाताशी चहा. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याभरात वहीत हातापायांची चित्रं आली, बाणांसकट. श्वास कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा याच्या खुणा आल्या. महिन्याभरात ते डोळे मिटून सांगू शकत होते की आता बाई केस मागे सारणार, आता मागच्या ओळीतल्या डावीकडच्या बाईचा पाय चुकणार. वजन मात्र जागचं हललं नव्हतं. उलट चहाबरोबरच्या चिवड्याने थोडं पुढेच सरकलं होतं. "अहो, उठणार कधी?" आत्या विचारायची. "अभ्यास चाललाय," काका म्हणायचे. एकदा ती चिडून टीव्हीसमोर उभी राहिली. काकांनी मान वाकडी करून तिच्या कमरेजवळून पुढचा भाग पाहिला.

इमारतीतल्या बायकांना कॅसेटची बातमी लागायला वेळ लागला नाही. अकराच्या सुमारास, घरची माणसं कामाला गेली की, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि आणखी चौघी पदर खोचून आत्याकडे यायला लागल्या. बाई इंग्रजीत बोलायची आणि तेही भराभर, त्यामुळे भाषांतराचं काम आपसूक काकांकडे आलं. खुर्चीतून त्यांचा आवाज चालायचा. "डावा गुडघा वर. डावा, डावा! पडद्यात उजवा दिसतो तो तुमचा डावा. खांदे सैल. श्वास सोडा, धरून ठेवून काय पुरचुंडी बांधायची आहे?" आत्या कणीक मळता मळता मागच्या ओळीत उभी राहायची. खालच्या घरातून छत धडधडतं म्हणून एकदा तक्रारही आली. काकांनी निरोप पाठवला की या व्यायामात टाचा आपटायच्याच नसतात, बायकांना तेवढं शिकवतो, चार दिवस द्या.

अडीच महिने होत आले होते. मी त्या दिवशी ताप आला म्हणून आतल्या खोलीत पडून होतो, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं आणि मग उशी घेऊन दारात बसून पाहिलं. कॅसेट सुरू झाली, बाई बोलायला लागली, तिचा आवाज एकदम म्हशीसारखा जाड झाला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. काकांनी मशीनचं झाकण उघडलं तर आत फितीच्या शेवया झालेल्या.

"वाट लागली," वहिनी म्हणाल्या.

"काही नाही लागली," काका म्हणाले, "मला तोंडपाठ आहे. उभ्या राहा." आणि त्यांनी खुर्चीतूनच सुरुवात केली. पण समोर बाई नसल्यामुळे पाचही जणींचे पाच प्रकार होऊ लागले. काका ओरडत होते, बायका हसत होत्या. शेवटी वहिनी थांबल्या. "काका, बोलून नाय कळत हो. कंबर वळवायची म्हणजे किती? आधी हात की आधी पाय? करून दाखवा ना."

शंका विचारलेली होती आणि उत्तर काकांना येत होतं. येत असलेलं उत्तर पोटात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी वही बाजूला ठेवली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर बनियन. आत्या कणकेच्या हातांनी दारात आली आणि तिथेच थांबली. काकांनी हात पसरले, कंबर डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि त्या बाईच्याच चालीवर, पण कुडाळच्या हेलात, "अँड वन, अँड टू" म्हणाले. कुणीही हसलं नाही. चार मिनिटांत त्यांना धाप लागली. ते खाली बसले, पाणी प्यायले आणि वहिनींना विचारलं, "कळलं?"

"थोडं कळलं," वहिनी म्हणाल्या. "उद्या परत दाखवा."

दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं झाली. मग दहा. बायकांना शंका फार असायच्या. त्यातल्या निम्म्या आत्याने शिकवून पाठवलेल्या असत, हे मला नंतर कळलं. तीन महिन्यांची तपासणी झाली तेव्हा काटा थोडासाच हलला होता, पण डॉक्टरांनी नाडी पाहिली, काकांकडे पाहिलं आणि आणखी तीन महिने दिले. आत्याने एजंटला थांबायला सांगितलं. त्या सहा महिन्यांच्या अखेरीस काकांच्या पायजम्याची नाडी लांब पडायला लागली होती. डॉक्टरांनी एकदा सावकाश जिना उतरून परत चढून बघायला सांगितलं. आम्ही सगळे मागे. पहिला मजला गेला, दुसरा आला. वहिनी वर्तमानपत्र आणि पाणी घेऊन दारात उभ्याच होत्या. काकांनी उभ्यानेच पाणी घेतलं, "आज वाचायला वेळ नाही" म्हणाले आणि वर गेले. वहिनींनी स्टूल आत नेलं.

आनंदाच्या भरात मी घाटकोपरच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून तीच कॅसेट शोधून आणली. दारातच ती आत्याच्या हाती पडली. तिने ती घेतली, स्वयंपाकघरात नेली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. "ह्यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली, "ती बाई परत आली की हे परत बसतील."

पुढे माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला राहायला गेलो. काका पुन्हा कामावर रुजू झाले. वर्ग रविवारवर गेला. पाचाच्या बारा जणी झाल्या, मग तो गच्चीत भरू लागला. दोन-तीन वर्षांनी एकदा मी गेलो होतो तेव्हा कॅसेटची गोष्ट निघाली. मी न राहवून तांदळाच्या डब्याचं सांगून टाकलं. काका रागावले नाहीत. त्यांना ते माहीत होतं. घरात तांदूळ निवडायचं काम त्यांचंच होतं.

"बाई वाईट नव्हती रे," ते म्हणाले. "पण तिने मला कधी काही विचारलं नाही."

मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऊठ, तुला कंबरेचा प्रकार दाखवतो." मला बसची घाई होती. मी हसून "पुढच्या वेळी" म्हणालो. काका त्यानंतर बरीच वर्षं होते, मीही दर सणाला जात होतो, आणि दर वेळी कसली ना कसली घाई असायची. आता ते नाहीत. आत्या म्हणते, शेवटच्या रविवारीसुद्धा ते गच्चीत जाऊन आले. मी त्यांच्या घरात दोन वर्षं जेवलो, झोपलो, तापात त्यांच्या हातचा काढा प्यायलो, पण त्यांच्यासमोर उभं राहून "काका, हे कसं करायचं?" एवढं विचारायचं तेवढं माझ्याकडून राहून गेलं.