सूज बोटांपुरती नव्हती

तिशी ओलांडली आणि मला आमवात झाला. सकाळी बोटं वळायची नाहीत. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचं माझं काम. शिफ्टचा पहिला तास हातात काही नीट धरता यायचं नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते, एवढं मला ठाऊक होतं. ती सांध्यांपलीकडे जाईल, असं कधी मनात आलं नाही.

एकदा कामावर असताना जबडा दुखू लागला. जबड्यालाही सांधा असतोच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "घाम बघ किती आलाय. ऊठ." मी नको म्हणत होते. तिनं सुपरवायझरला न विचारताच माझा दंड धरला आणि कंपनीच्या दवाखान्यात नेलं. नर्सनं ईसीजी काढला, कागदाकडे पाहिलं आणि तडक अँब्युलन्स बोलावली.

चिंचवडच्या हॉस्पिटलात स्टेंट बसवला. मला ना शुगर, ना बीपी, कोलेस्टेरॉलही बेताचंच.

"मग हिला अटॅक आला कसा?" नवऱ्यानं विचारलं.

"सूज फक्त बोटांत नसते," डॉक्टर म्हणाले. "सांधे कुरतडणारी तीच सूज हृदयाच्या रक्तवाहिन्याही आतून खराब करते. तिथं चरबीचा थर साठतो. तो फुटला की रक्ताची गुठळी होते." प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, असंही त्यांनी बजावलं.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. कोरोना आल्यापासून त्या मला रोज गुळवेलीचा काढा द्यायच्या, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून.

"मंग मीच वाढवून ठिवली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"काढ्यानं अटॅक आला असं मी म्हणत नाही, आजी. पण आता देऊ नका."

आम्ही चऱ्होलीला घरी आलो, त्या दिवशीच त्यांनी कुंपणावरची वेल उपटून टाकली.

"आई, वेलीचा काय दोष?"

"दोष न्हाई गं. पर डोळ्यापुढं नको."

मला वाईट वाटलं. त्यांना आवरावंसं मात्र वाटलं नाही.

पुढं मी कामावर रुजू झाले. आमवातानं वाकडी झालेली बोटं वाकडीच राहिली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी इंद्रायणीच्या काठानं जातो. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, पण त्या पुढं असतात आणि मी मागं. मला दम लागला की त्या थांबतात.