बिनक्लचची गाडी, जळगाव-भडगाव

डेपोच्या कँटीनमध्ये चहा सांगितला की तो येईपर्यंत दोन-तीन किस्से सहज होतात. पण आमच्या जळगाव-भडगाव रूटवर इलेक्ट्रिक बस आली तेव्हापासून चहा गार होतो, किस्से संपत नाहीत! मी कंडक्टर. ड्रायव्हर आमचे नाना, सगळं आयुष्य डिझेलवर गेलेलं. गाडी नवी, आम्ही जुने. गोंधळ तर होणारच!

*

या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. ट्रेनिंगमध्ये नानांनी मान डोलावली, पण हाताला कोण समजावणार?

एकदा एक अक्का फाट्यावर उतरायचं म्हणून काठी टेकत पुढे येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. नानांचा डावा हात सवयीने बाजूला गेला, हाताला काठी लागली आणि त्यांनी ती सेकंड गिअरमध्ये टाकली!

अक्का ओरडल्या, "ओ भाऊ, मनी काठी सोडा! गाडी तशीच जाई ऱ्हायनी!"

*

पहिल्याच आठवड्यात एका थांब्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. गाडी थांबवली, पण कोणी चढेना. बंद काचा, आत एसी, चकचकीत रंग. मी दारातून ओरडले, "चला, जळगाव!"

एक मावशी जवळ आल्या, आत डोकावल्या. "कोनं लगीन शे?"

"लग्न नाही हो मावशी, आपलीच गाडी आहे. तुम्हाला अर्धं तिकीट!"

मावशी बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "या वं बठ्ठ्या, नवरदेव नही शे!"

*

एक कॉलेजचे सर शेजाऱ्याला समजावत होते. "या गाडीला धूर नाही. प्रदूषण शून्य!"

शेजारी होते पाटीलकाका, दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. म्हणाले, "आणि वीज? आम्ही तिकडे कोळसा जाळायचो, म्हणून तुम्ही इकडे बिनधुराचे!"

"आता सोलर येतंय ना!"

"मग रात्री?"

दोघंही माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा, खरं काय?"

मला दोघांचंही पटत होतं! मी म्हटलं, "एरंडोल आलं, उतरणारे उतरा!"

*

पूजा व्हीलचेअरवर असते. जळगावला कॉम्प्युटरचा क्लास करते. जुन्या गाडीत भाऊ तिला पोत्यासारखी उचलून चढवायचा. भाऊ नसला की क्लास बुडाला.

नव्या गाडीत तिच्यासाठी रॅम्प आहे, पण बटण कोणतं? नानांनी एक दाबलं. फुस्स आवाज झाला आणि गाडी एका अंगाला खाली बसली.

"पंक्चर!" कोणीतरी ओरडलं. अख्खी गाडी पिशव्यांसकट खाली उतरली! पंक्चर कसलं, चढायला सोपं जावं म्हणून गाडीच वाकली होती! मग दुसऱ्या बटणाने रॅम्प बाहेर आला. पूजा शांतपणे आत गेली, खिडकीजवळ थांबली आणि खालच्या गर्दीला म्हणाली, "आता तुम्हाला उचलून घेऊ का?"

*

आबांना जन्मापासून दिसत नाही. जळगावच्या एका शाळेत ते पेटी शिकवतात. डिझेल गाडी वळणावर असतानाच फाट्यावर त्यांचा हात वर व्हायचा. थांबली की दांडा धरून स्वतः चढायचे. कोणी आधार दिलेला खपायचा नाही.

नवी गाडी लागली त्या सोमवारी आम्ही आबांसमोर थांबलो. आबा जागचे हलेनात. हात खालीच. पलीकडून ट्रक धडधडत चाललेले. नाना म्हणाले, "आज जायचं नसेल." निघालो. मंगळवारी पुन्हा तेच. "आपल्यावर रुसले का काय?" नाना दिवसभर अस्वस्थ.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. "फाट्यावर गाडी का थांबत नाही? आबांचा फोन होता. दोन दिवस शाळेत पोरं पेटीसमोर बसून परत गेली."

"देवाशपथ, दोन्ही दिवस थांबलो साहेब! दारही उघडलं!" नाना रडकुंडीला आले. आबा खोटं बोलणारा माणूस नाही आणि आम्हीही नाही. मग झालं काय?

बुधवारी मी खाली उतरले, आबांच्या अगदी पुढ्यात उभी राहिले. "आबा, गाडी दोन हातांवर उभी आहे. बसायचं नाही का?"

आबांनी मान तिरकी केली, कान दिला. म्हणाले,

"कोठे शे?"