बिघडलेल्या सुटाची साक्ष

दुकानावर नवी पाटी लागली, त्या सकाळी मास्तरांना कळले की, ज्या दुकानात अर्धे आयुष्य कापड कापण्यात गेले, तिथे आपण नोकर आहोत. पाटीवर मेहुण्याचे एकट्याचे नाव होते. वर तो गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगत होता, "निर्धास्त राहा. आमच्या पगारी कटरचा हात चांगला आहे."

'पगारी' हा शब्द मास्तरांच्या जिव्हारी लागला. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि दावा लावला. मागणी एवढीच, की हे दुकान भागीदारीचे आहे असे न्यायालयाने जाहीर करावे.

"करारपत्र?" वकीलबाईंनी विचारले.

"घरातल्या घरात कसलं करारपत्र? सासऱ्यांच्या घरी, जेवताना ठरलं."

"मग सासऱ्यांना साक्षीला आणा."

"ते वारले."

"आणखी कोण होतं?"

"आमची ही. वाढत होती."

"म्हणजे प्रतिवादीची सख्खी बहीण." वकीलबाईंनी चष्मा काढला. "छान."

बायकोने तर हात झटकले. "एकाकडून बोलले तर माहेर तुटतं, दुसऱ्याकडून बोलले तर घरात धुसफूस. तुम्ही दोघं काय तो गोंधळ घाला."

न्यायदेवता आंधळी असते म्हणतात. ती बहिरीही असावी, अशी मास्तरांची दर तारखेला खात्री पटत चालली होती. अखेर मेहुण्याच्या उलटतपासणीचा दिवस उजाडला. उकाडा मरणाचा. वरचा पंखा वारा घालण्यापेक्षा कुरकुरण्यातच धन्यता मानत होता. मेहुणा पिंजऱ्यात उभा राहिला आणि वकीलबाई प्रश्न विचारायचे विसरून त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मागे वळून मास्तरांकडे पाहिले. दोघांच्याही अंगात हिरव्या चौकड्यांचे, जाड लोकरी कापडाचे शर्ट होते आणि दोघेही घामाने निथळत होते.

"हा शर्ट कुठून घेतलात?"

"घेतोय कशाला? आमच्याच दुकानात शिवलाय," मेहुणा ताठ्याने म्हणाला.

"एवढं जाड कापड शर्टाला?"

"सुटाचं आहे. एका गिऱ्हाइकाचा सूट बिघडला. त्याला नवं कापड भरून दिलं, निम्मं मी, निम्मं भाऊजींनी. बिघडलेलं उसवून दोघांनी शर्ट शिवले. कापड वाया घालवायचं नाही, ही आमच्या दुकानाची रीत आहे."

"सूट भाऊजींनी चुकीचा कापला होता?"

"छे! त्यांची कात्री कशाला चुकेल? माप घेताना मीच खांद्यात घोळ केला."

"म्हणजे चूक मालकाची, आणि निम्मी भरपाई पगारी माणसाची?"

मेहुण्याचा वकील घाईघाईने उठला. पण मेहुण्याचा पारा त्याच्याआधी चढला होता. "मग काय एकट्याने सोसू? दुकान काय माझ्या एकट्याचं आहे?"

मेहुण्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. लेखनिकाने मान वर न करता वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले.

नफ्यात वाटा पुष्कळ जण मागतात. दुसऱ्याच्या चुकीचा तोटा निमूटपणे वाटून घेतो तो भागीदारच, अशा अर्थाचा निकाल पुढच्या तारखेला लागला. भागीदारी सिद्ध झाली.

मास्तर पायऱ्या उतरत होते. इतका काळ मनात घोळवलेली चार जहाल वाक्ये ओठांवर तयार होती. तेवढ्यात मेहुणा पुढ्यात येऊन उभा राहिला.

"भाऊजी, झालं ना मनासारखं? मग चला लवकर. समोरच्या डॉक्टरांची पँट आखूड झालीय. सकाळपासून दोनदा येऊन बोलून गेलेत."

"माप कोणी घेतलं होतं?"

मेहुणा रस्त्याकडे बघू लागला.

जहाल वाक्यांपैकी एकही मास्तरांना वापरता आले नाही. "पाटीवाल्याला निरोप धाड," ते रुबाबात म्हणाले, "आणि डॉक्टरांशी मी बोलतो. तू नुसता उभा राहा."