लाल टिकलीचा खडा

पौडच्या बाजारपेठेत अलाउद्दीनभाईंचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. बाजारच्या दिवशी तिथं रेडिओ घेऊन येणाऱ्यांपेक्षा गाठोडी घेऊन येणारेच जास्त असत. धरणापलीकडच्या वाड्यांवरून बायाबापड्या एसटीनं यायच्या. कुणाची नथ, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं लेकीसाठी घेतलेलं लुगडं. गर्दीत दिवसभर सांभाळत कुठं हिंडायचं? द्यायचं भाईंच्या हातात आणि मोकळं व्हायचं. भाई त्याला अमानत म्हणत. वडिलांपासून चालत आलेला हा रिवाज, आणि त्याला नियम एकच: ठेवणाऱ्यानं आपल्या हातानं गाठ मारायची आणि न्यायला आल्यावर त्यानंच ती सोडायची. सांभाळणाऱ्यानं गाठीला बोटसुद्धा लावायचं नाही.

शब्बीर हा भाईंचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा हा पोरगा पाटीवर रेघोट्या मारत होता. भाईंनीच त्याला वाढवलं, त्याच्या डोक्याला तेल लावलं, नमाज शिकवली, आणि गाठ मारायलाही शिकवलं. दोन फेरे, मग उलटा फास. सगळी पेठ त्या दोघांना राम-लक्ष्मण म्हणायची, आणि आपण हे मुसलमानाच्या पोरांना म्हणतोय याचं कुणाला काही वाटायचं नाही. शब्बीरला तर त्याचा अभिमानच होता.

दुकानाच्या पुढच्या अंगाला भाईंचे रेडिओ आणि मागच्या परड्यात शब्बीरचं जीपदुरुस्तीचं काम. पुढंपुढं घरोघर टीव्ही आले आणि भाईंच्या टेबलावर धूळ बसायला लागली. टीव्हीच्या आतल्या कामाला हात घालायला ते धजत नव्हते. इकडे कोळवणच्या खोऱ्यात पुण्याची मंडळी जमिनी घेऊन शेतघरं बांधत सुटली होती. त्यांच्या जीपा बांधावर चढायच्या, ओढ्यात रुतायच्या आणि मोडून शब्बीरच्या परड्यात यायच्या. घर कुणाच्या हातावर चाललंय हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर कधी कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडलं.

अशाच एका जीपेच्या निमित्तानं पानसेसाहेब आले. पुण्याचे इंजिनिअर, कोळवणला शेतघर, आणि मस्कतला दोघा भागीदारांबरोबर दगडाच्या खाणी. त्यांनी अमेरिकेहून मुलासाठी रिमोटवर चालणाऱ्या दोन मोटारी आणल्या होत्या. भल्यामोठ्या फुगीर चाकांच्या, उंचच उंच. त्यांना म्हणे मॉन्स्टर ट्रक म्हणतात. एकीची मोटर मुलानं पहिल्याच आठवड्यात जाळली होती. दुसरी सपाटीवर वाऱ्यासारखी पळायची, पण शेतघरामागच्या काळ्या खडकावर घातली की दोन उड्या मारून उताणी पडायची.

पानसेसाहेब शब्बीरला म्हणाले, "हिला त्या खडकावर चढवून दाखवशील? गंमत म्हणून विचारत नाही. मस्कतला आमच्या खाणी डोंगरात आहेत, जीपा खडकांवरून न्याव्या लागतात. तिथं मिस्त्री हवाय. मी तुझं नाव सुचवलं, पण भागीदार म्हणतात, खेड्यातला माणूस काय करणार? ते पुढच्या महिन्यात इथं येतायत. त्यांच्या डोळ्यांदेखत ही गाडी वर गेली, की तुझं मस्कत पक्कं."

शब्बीर त्या दिवशी नीट जेवलासुद्धा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जीपा ढकलल्या, आता विमानात बसायचं! भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कर की. मी हाय."

आणि खरंच, दोघं भाऊ त्या खेळण्यावर तुटून पडले. शब्बीरचं म्हणणं साधं होतं: खडकावर वेग हाच वैरी. जळालेल्या गाडीचा गिअरबॉक्स काढून त्यानं चांगल्या गाडीच्या गिअरबॉक्सला जोडला, तेव्हा धावणारी गाडी रांगायला लागली. स्प्रिंगा कापून तिला खाली बसवलं. फुगीर टायरांत जुन्या स्लिपरांचे तुकडे भरले आणि मासे धरायच्या जाळ्याचं शिसं पुढच्या चाकांत कोंबलं, म्हणजे तोंड वर उचलायचं नाही. राहिला डिफरन्शियल, दोन चाकांत जोर वाटून देणारा. एक चाक हवेत गेलं की गाडी सगळा जोर त्याच चाकाला देते. ते गरगर फिरतं आणि दगडाला टेकलेलं चाक ढिम्म हलत नाही. शब्बीरनं आतल्या दात्यांत एम-सीलची लुगदी भरून तो जामच करून टाकला.

"आता दोनी चाकं संगंच फिरनार, भाई," तो हसत म्हणाला. "एकानं राबायचं आन् दुसऱ्यानं हवेत मजा मारायची, हे बंद."

भाई हसले नाहीत. शब्बीरला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

रेडिओचा भाग भाईंचा. रिमोटमध्ये बोटाच्या पेराएवढी एक चकचकीत डबी होती, तिच्यावर लाल टिकली. भाईंनी ती चिमट्यात धरून दाखवली. "ह्याला क्रिस्टल म्हनत्यात. आत गारेचा खडा असतुया, आपल्या डोंगरात गारगोट्या पडल्यात ना, त्याच जातीचा. लाल टिकलीचा खडा रिमोटात, लाल टिकलीचाच गाडीत, तवाच गाडी ऐकती. त्या जळालेल्या गाडीच्या रिमोटात निळा हाय, त्याचं ही ऐकनार न्हाई."

"आन् निळ्या रिमोटात लाल खडा घातला तर?"

"मग त्याचंबी ऐकंल. दोन मालक झालं तर बिचारीचा जीव जायचा."

दोघंही त्यावर खळखळून हसले. मोटारीबरोबर लाल टिकलीचा एक जादा खडा आला होता. एवढीशी वस्तू परड्यातल्या ग्रीसमध्ये हरवायला कितीसा वेळ? शब्बीरनं तो फडक्यात बांधला, दोन फेरे आणि उलटा फास मारला आणि भाईंच्या हातात दिला. "भाई, अमानत." भाईंनी पुरचुंडी कपाळाला लावली आणि कपाटातल्या डब्यात ठेवली. निळा रिमोट त्यांच्या टेबलावरच पडून होता.

महिनाभरात गाडी परड्यातल्या दगडांच्या ढिगावर पोट घासत, पण न थांबता चढायला लागली. भाईंची बायको शमशादभाभी दारात उभी राहून बघायची. ती म्हणाली, "ही कुटली मोटार? ही तर घोरपड." तेव्हापासून तिचं नाव घोरपडच पडलं.

भागीदार आले तो रविवार होता. खडकासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. भाई मुद्दाम दुकान बंद करून शब्बीरबरोबर दुरुस्तीच्या एका जीपमधून आले. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ते खडकाला लागूनच करंजाच्या सावलीत बसले. शब्बीरनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि रिमोटची दांडी पुढं केली.

घोरपड पहिल्या पायरीवर सहज गेली. दुसऱ्या पायरीवर तिचं एक चाक हवेत लोंबलं, पण खालच्या चाकानं दगड धरून ठेवला आणि तिनं अंग वर ओढून घेतलं. भागीदारांपैकी एकजण खुर्चीतून उठला. "अरे वा!" पानसेसाहेब शब्बीरकडे बघून हसले. माथा हातभर राहिला होता.

तेवढ्यात पुढची चाकं फडफडली. शब्बीरनं दांडी उजवीकडे नेली, चाकं डावीकडे वळली. त्यानं दांडी सोडून दिली तरी मोटर भरधाव सुटली. घोरपड कडेकडेनं घसरत गेली, खाली कोसळली आणि उताणी पडून चाकं फिरवत राहिली.

उठलेला भागीदार परत बसला. दुसरा हसून म्हणाला, "मिस्त्री, ही तुमचं ऐकत नाही की हो!" मग ते दोघं चहा प्यायला आत गेले. पानसेसाहेबही त्यांच्या मागोमाग गेले.

शब्बीर लाजेनं मेला. त्यानं खेळणं उचललं. भाईंनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नशिबात नव्हतं, लेका. चल, दोन घास खाऊन घे." त्यांनी जीपच्या सीटखालून जेवणाचा डबा काढला. शब्बीर त्यांना बिलगून ढसाढसा रडला, आणि भाईंनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घोरपड खोलली. गिअर शाबूत, तारा शाबूत, सेल भरलेले. मग वाटलं, रिमोटातला खडाच बिघडला असणार, दुसरा घालून बघावा. भाई तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजेला गेले होते. त्यानं भाभीकडे कपाटातला डबा मागितला.

"घे की, तुझीच अमानत," भाभी म्हणाली. "मी कदी हात न्हाई लावला."

पुरचुंडी तशीच होती. गाठ त्याचीच, दोन फेरे आणि उलटा फास. त्याला बरं वाटलं. त्यानं ती सोडली. आत निळ्या टिकलीचा खडा होता.

तो आधी स्वतःलाच मूर्ख म्हणाला. मग आठवलं, बांधताना टिकली उजेडात धरून बघितली होती, लालच होती. तो भाईंच्या टेबलापाशी गेला, निळा रिमोट उचलला आणि मागचं झाकण काढलं. लाल टिकली. जेवणाचा डबा जीपच्या सीटखाली होता. मग करंजाखाली भाईंच्या मांडीवर ती पिशवी कसली होती?

आणि ती गाठ! ती तशीच्या तशी मारणारा जगात दुसरा एकच माणूस होता. त्यानंच तर शिकवली होती.

भाई परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती. शब्बीरनं दोन्ही खडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. भाईंनी टोपी काढून खिशात घातली. मग म्हणाले, "आज परत बदलनारच हुतो."

एवढंच! माफी नाही, कांगावा नाही. वस्तू बदलायची राहून गेली, याचीच चुटपूट.

"का पर, भाई?"

"तू गेल्यावर हितं काय ऱ्हातंय? धूळ."

"तुमी नुसतं नगं जाऊ म्हनला असता, तर मी ऱ्हायलो असतो."

"ऱ्हायला असतास," भाई म्हणाले. "आन् रोज सांजंला माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस. मला ते झेपनारं नव्हतं. नशिबानं अडवलं म्हनशील, असं वाटलं." मग त्यांचा आवाज चढला. "अब्बांनी जाताना तुझा हात माझ्या हातात दिला हुता. तूच माझ्याकडची अमानत हायेस! ती अशी कुनाच्याबी हाती देऊ?"

शब्बीरला असं वाटलं, की कुणीतरी आपल्याला फडक्यात बांधून कपाटात टाकलंय. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच भाईंवर आवाज चढवला. "अमानत सांबाळत्यात, भाई! तिची गाठ सोडून आत दुसरंच कायतरी भरत न्हाईत!"

आतून भाभीच्या हुंदक्याचा आवाज आला. शब्बीरनं दोन्ही खडे खिशात घातले आणि कोळवणची एसटी धरली. साहेबांना सगळं सांगायचं, खडे समोर ठेवायचे, असं तो वाटभर घोकत होता.

पानसेसाहेब अंगणातच होते. त्यांनी त्याला बसवलं. "शब्बीर, असं का झालं ते कळलं का? भागीदार अजून मुंबईत आहेत. माथ्याजवळ पोचली ती बघून एकाचं मन वळलंय. तू धड कारण दे, मी आज फोन करतो. मस्कत अजून गेलेलं नाही."

शब्बीरचा हात खिशात होता. दोन्ही खडे त्याच्या बोटांना लागत होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'माझ्या भावानं केलं.' हे वाक्य साहेब ऐकणार, त्यांचा माळी ऐकणार, उद्या पौडला पोचणार, आणि बाजारच्या दिवशी दुकानात कुणी गाठोडं घेऊन येणार नाही. तो आतून पेटला होता. भाईंनी त्याचं वाटोळं करताना एवढा विचार केला नव्हता, मग यानं का करावा? पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझीच चूक, साहेब. खडा ढिला ऱ्हायला."

पानसेसाहेबांनी सुस्कारा सोडला. "मग मी काय सांगू त्यांना?"

"काय नगा सांगू," शब्बीर म्हणाला आणि उठला.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं परडं उघडलं, पण भाईंशी बोलला नाही. भाई टेबलाशी मान खाली घालून बसले होते. दुपारी वरच्या वाडीची गंगू आली, दर बाजाराला यायची तशी. लेकीच्या जोडव्यांची पुरचुंडी तिनं भाईंच्या पुढं धरली. "ठिवा, भाई. लगीन हाय तोंडावर, हरवली तर जीवच जाईल माझा."

भाईंचा हात पुढं आला नाही. त्यांनी वर बघितलं ते शब्बीरकडे. तो परड्याच्या दारात पाना हातात घेऊन उभा होता. दुकानात दोनचार गिऱ्हाइकं होती. त्यानं एक शब्द काढला असता, तर सगळं तिथंच संपलं असतं.

गंगूला काही कळेना. "काय झालं? ठेवू ना हितं?"

शब्बीरनं हात पुसले, पुढं होऊन तिच्या हातातली पुरचुंडी घेतली आणि अलाउद्दीनच्या मांडीवर ठेवली.

"ठेव, मावशे," तो म्हणाला. "ह्यांच्याकडं ठेवलेलं कदी बदलत न्हाई."

आणि तो परड्यात जाऊन जीपखाली शिरला. त्या दिवसानंतर त्याच्या तोंडी 'भाई' हा शब्द कुणी ऐकला नाही.